प्रश्न तुमचे: डेटाइम एमी म्हणजे नक्की काय असतं?

मागच्या अंकात टीव्हीच्या पुरस्कारांवर काही विचारायचं असेल तर पाठवा असं म्हटलं होतं, आणि तुम्ही भरभरून पाठवलंत. त्यातली बरीच पत्रं अमेरिकेतल्या डेटाइम एमीबद्दलची निघाली, म्हणजे तिकडे दिवसा लागणाऱ्या कार्यक्रमांना आणि त्यात काम करणाऱ्यांना जे पुरस्कार देतात त्याबद्दलची. माझा हा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं नाव दिसलं नाही तर रागावू नका.

ताई, सप्टेंबरमध्ये ज्या एमीच्या बातम्या येतात ते आणि हे एकच का? आमच्या घरी यावरून वाद झालाय.

एकच नाही. सप्टेंबरमध्ये असतात ते प्राइमटाइम एमी, संध्याकाळी आणि रात्री लागणाऱ्या कार्यक्रमांचे, आणि ते लॉस एंजेलिसची टेलिव्हिजन अकॅडमी देते. डेटाइम एमी देते ती न्यूयॉर्कची नॅशनल अकॅडमी ऑफ टेलिव्हिजन आर्ट्स अँड सायन्सेस. पूर्वी हे सगळे एकाच छताखाली होते, 1977 मध्ये वेगळे झाले आणि तेव्हापासून वाटणी ठरली ती ठरली. पंखवाली बाई हातात अणू धरून उभी आहे ती सोनेरी मूर्ती मात्र दोन्हीकडे तीच. लुई मॅकमॅनस नावाच्या इंजिनिअरने ती आपल्या बायकोला समोर ठेवून घडवली होती.

एमी सुरू झाले 1949 मध्ये, पण दुपारच्या मालिकांकडे कितीतरी वर्षं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. 1972 मध्ये मुख्य सोहळ्यात 'द डॉक्टर्स' या मालिकेला पुरस्कार मिळाला, 1973 मध्ये मेरी फिकेट या अभिनेत्रीला मिळाला, आणि मग 28 मे 1974 ला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये दिवसाच्या कार्यक्रमांचा पहिला स्वतंत्र सोहळा झाला. बार्बरा वॉल्टर्स सूत्रसंचालनाला होत्या. तिथेही सर्वोत्कृष्ट मालिका 'द डॉक्टर्स'च ठरली. तर वादात कोण जिंकलं ते मला जरूर कळवा.

दिवसा म्हणजे किती ते किती? आणि आता तर सगळं मोबाइलवर हवं तेव्हा बघता येतं, मग याला काही अर्थ उरलाय का?

प्रश्न अगदी नेमका आहे, अकॅडमीलाही तोच पडला होता. नियम असा होता की पहाटे 2 ते संध्याकाळी 6 या वेळात जे लागतं ते डेटाइम. पण ओटीटीवर कसली पहाट आणि कसली संध्याकाळ. म्हणून 2021 च्या शेवटी दोन्ही अकॅडम्यांनी बसून ठरवलं की आता घड्याळ बघायचं नाही, कार्यक्रमाचा प्रकार बघायचा. मुलांचे कार्यक्रम बाहेर काढून त्यांचा वेगळा चिल्ड्रन्स अँड फॅमिली एमी केला, तो पहिल्यांदा डिसेंबर 2022 मध्ये झाला, गेम शो प्राइमटाइमकडे गेले, आणि रोज येणाऱ्या, अनेक कॅमेऱ्यांवर शूट होणाऱ्या मालिका डेटाइमकडेच राहिल्या. हे बरंच झालं, कारण सप्टेंबर 2022 मध्ये 'डेज ऑफ अवर लाइव्हज' ही 1965 पासूनची मालिका टीव्ही सोडून पीकॉक या ॲपवर गेली, आणि जुना नियम तसाच असता तर तिची गोची झाली असती.

त्या सुझन लूची बाईंची गोष्ट खरी आहे का हो? दरवर्षी नामांकन आणि दरवर्षी हार, असं कुठेतरी वाचलं होतं. मला ते खोटंच वाटलं.

खरी आहे काकू, शंभर टक्के खरी. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तरच सांगते.

'ऑल माय चिल्ड्रन' ही मालिका 1970 च्या जानेवारीत एबीसी या वाहिनीवर सुरू झाली आणि त्यात एरिका केन नावाचं पात्र होतं. हट्टी, देखणी, एकामागून एक लग्नं करणारी, कुणाचं ऐकून न घेणारी, आणि तरी बघणाऱ्याला तिचं पटायचं. सुझन लूचीने ते पात्र 2011 पर्यंत म्हणजे मालिका टीव्हीवरून बंद होईस्तोवर केलं. पहिलं नामांकन आलं 1978 मध्ये. नाही मिळालं. मग 1981 पासून जवळजवळ दरवर्षी नाव यायचं, ती छान तयार होऊन जायची, नाव दुसऱ्याचं पुकारलं जायचं, कॅमेरा मुद्दाम तिच्या चेहऱ्यावर जायचा आणि ती टाळ्या वाजवत असायची. असं एकदोनदा नाही, 18 वेळा झालं. त्याची इतकी चर्चा व्हायची की जिंकणाऱ्यापेक्षा हिचीच बातमी मोठी. तिने तेही मोकळेपणाने घेतलं. 1990 मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमाची पाहुणी सूत्रधार म्हणून गेली तेव्हा तिथल्या गमतीतच हे होतं की आजूबाजूच्या प्रत्येक माणसाकडे एमी आहे आणि हिच्याकडेच नाही.

यातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे 1995 मध्ये सारा मिशेल गेलरला तरुण अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि ती भूमिका कुठली, तर एरिका केनच्या मुलीची! पडद्यावरच्या लेकीला मिळालं आणि आईला नाही.

मग 21 मे 1999. न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं थिएटर. पाकीट उघडायला शेमार मूर होता, 'द यंग अँड द रेस्टलेस'मधला. त्याने कागद बघितला, जरा थांबला आणि आधी नाव न घेता एवढंच म्हणाला की ही हार आता संपली. बस. पुढचं कुणाला ऐकूच आलं नसेल, अख्खं सभागृह उभं राहिलं, आणि टाळ्या कितीतरी मिनिटं थांबेचनात, तिला बोलायचं होतं पण लोक बोलू देत नव्हते. तिच्याच मालिकेतली केली रिपा हमसून हमसून रडत होती. स्पर्धक होत्या त्याही उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. 19 वं नामांकन होतं ते. आणि भाषणाच्या शेवटी ती काय म्हणाली, तर सोमवारी मी परत स्टुडिओत जाणार आणि एरिका केन करणार. मला तर हे तिचं वाक्य पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं. रोज कामाला जाणाऱ्या माणसाचं वाक्य आहे ते.

2023 मध्ये तिला जीवनगौरवही मिळाला. त्या मूळ क्षणाचा व्हिडिओ बघा, इंग्रजी कळलं नाही तरी चालेल.

रोज तेच तेच रडगाणं, भडक मेकअप, ताणलेली कथा. अशा मालिकांना पुरस्कार द्यायचा म्हणजे कलेचा अपमान नाही का? राग मानू नका, पण स्पष्ट विचारतो.

राग नाही दादा, पण मी पण स्पष्टच बोलणार.

तुम्ही जे बघता ते कसं बनतं ते आधी बघा. सिनेमाचं शूटिंग असतं तेव्हा दिवसाला दोन-तीन पानं झाली तरी दिवस चांगला गेला म्हणतात. अमेरिकन डेली सोपच्या सेटवर दिवसाला 80-100 पानं उरकतात. एका दिवसात एक भाग, कधी त्याहून जास्त. तीन-चार कॅमेरे एकदम चालू, सकाळी कुठे उभं राहायचं कुठून वळायचं एवढं ठरवून घेतलं की थेट टेक, आणि बहुतेक वेळा पहिलाच टेक शेवटचा, फारच गडबड झाली तरच दुसरा. बिचाऱ्या नटाने आदल्या रात्री वीस-तीस पानं पाठ केलेली असतात, आणि उद्याची अजून हातातच असतात. अशात तुम्हाला आईच्या मृत्यूचा सीन करायचाय. डोळ्यात पाणी आलं पाहिजे ते याच मिनिटाला, कारण पुढच्या सेटवर दिवे लागलेत. हे आठवड्याला पाच भाग या हिशोबाने, वर्षाला अडीचशेच्या आसपास, आणि तेही वर्षानुवर्षं.

आधीच्या काळात तर हे थेट प्रक्षेपण असायचं. 22 नोव्हेंबर 1963 ला 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' लाइव्ह चालू होती, हेलन वॅग्नर ही अभिनेत्री घरातला साधा प्रसंग करत होती, आणि मध्येच सीबीएस वाहिनीने मालिका तोडून वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइटच्या आवाजात राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळीबार झाल्याची बातमी दिली. स्टुडिओतल्या नटांना याचा पत्ताच नव्हता, ते आपले प्रसंग करत राहिले. याच हेलन वॅग्नरने 2 एप्रिल 1956 ला या मालिकेचं पहिलंवहिलं वाक्य म्हटलं होतं, नवऱ्याला सकाळी उठवायचं, आणि मधले काही खंड सोडले तर 2010 मध्ये वारेपर्यंत तीच भूमिका केली. चोपन्न वर्षं एकच बाई उभी करायची, ती तरुण असताना, सासू झाल्यावर, आजी झाल्यावर, प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर म्हातारी होत जायचं. असलं काम दोन तासांच्या सिनेमात कुणाला करायलाच मिळत नाही, मग त्याला मोजायची पट्टी वेगळी नको का?

कथा ताणलेली असते, मान्य. भडकपणा असतो, तेही मान्य. सगळं चांगलं असतं असं मी म्हणतच नाही, म्हणून तर त्यातलं चांगलं निवडून काढायला पुरस्कार लागतात. ज्या बाईने घरी बसून आजारी माणसाची सेवा करत करत वर्षानुवर्षं रोज दुपारी ही माणसं बघितली तिला ती सोबत होती, आणि सोबत देणाऱ्या कामाला कमी लेखायचं कारण मला तरी दिसत नाही.

विजेते कोण ठरवतं? प्रेक्षक मत देतात का?

नाही, मुख्य पुरस्कारांना प्रेक्षकांची मतं नसतात. त्याच धंद्यातले लोक परीक्षक असतात. आणि नटाचं वर्षभराचं सगळं काम कुणी बघत नाही, बघणं शक्यच नाही, अडीचशे भाग कोण बघणार. नटाने स्वतः आपले निवडक प्रसंग पाठवायचे आणि परीक्षक त्यावरूनच ठरवतात. म्हणजे वर्षभर उत्तम काम केलं पण पाठवताना प्रसंग चुकीचा निवडला तर गेलं. लूचीच्या बाबतीतही वर्षानुवर्षं ही चर्चा असायची की ती प्रसंग नीट निवडत नाही, नुसते आरडाओरड्याचे पाठवते. खरंखोटं काहीही असो, निवड हीच एक कला आहे हे नक्की.

नव्वदीच्या सुरुवातीला केबल आलं तेव्हा आम्ही 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटीफुल' डोळे विस्फारून बघायचो. त्यांना हे मिळालं होतं का?

मिळालं होतं ना! 'सांता बार्बरा'ला सर्वोत्कृष्ट मालिकेचा पुरस्कार सलग तीन वर्षं, 1988, 1989 आणि 1990. म्हणजे स्टार प्लसवर तुम्ही ती बघत होतात तेव्हा ती नुकतीच शिखरावरून आलेली होती. 1993 मध्ये बंद पडली. 'बोल्ड अँड ब्यूटीफुल'लाही सलग तीनदा, पण बऱ्याच उशिरा, 2009 ते 2011. ती 1987 पासून अजून चालूच आहे बरं का, त्यामुळे कुणाचं कुणाशी कितवं लग्न झालं हे मला विचारू नका, एक अंक पुरणार नाही. एकूणात सर्वात जास्त वेळा हा पुरस्कार 'जनरल हॉस्पिटल'ने घेतलाय. त्याच मालिकेतला ल्यूक करणारा अँथनी गियरी, त्याला प्रमुख अभिनेत्याचे आठ एमी, तेवढे दुसऱ्या कुणाला नाहीत. स्त्रियांमध्ये 'वन लाइफ टू लिव्ह'ची एरिका स्लेझॅक, सहा.

यातून पुढे मोठं झालेलं कुणी आहे का?

ज्युलियन मूर. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'मध्ये दोन सावत्र बहिणी एकटीच करायची, त्यासाठी 1988 मध्ये डेटाइम एमी मिळाला, आणि 2015 मध्ये ऑस्कर. बाकी यादी खूप मोठी आहे, पण बाहेर जाऊन मोठं झालं तरच मोठं असं का मानायचं? स्लेझॅक बाई चाळीस वर्षं तिथेच राहिल्या.

ताई, कृष्णवर्णीय कलाकारांना यात न्याय मिळाला का? प्राध्यापक आहे, वर्गात विषय निघाला होता.

सर, तारखाच सांगते, त्या पुरेशा बोलक्या आहेत. अल फ्रीमन ज्युनिअर यांना 1979 मध्ये प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, 'वन लाइफ टू लिव्ह'साठी, तो मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. डेबी मॉर्गनला 1989 मध्ये सहायक अभिनेत्रीचा, तोही दुसऱ्या अभिनेत्रीबरोबर विभागून. आणि प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय स्त्रीला मिळाला तो 2022 मध्ये, मिशेल मॉर्गनला, 'द यंग अँड द रेस्टलेस'साठी. 1974 ते 2022. एवढी वर्षं चांगल्या अभिनेत्री नव्हत्या असं तर नाही ना, त्यांना मध्यवर्ती भूमिकाच दिल्या जात नव्हत्या, कथा त्यांच्याभोवती फिरतच नव्हती. पुरस्कारातली उणीव ही मुळात लेखनाच्या टेबलावरची उणीव असते, वर्गात हे जरूर मांडा. ओप्रा विन्फ्रीचं मात्र वेगळं, तिचा गप्पांचा शो 1986 मध्ये देशभर सुरू झाला, 1987 पासून पुरस्कार यायला लागले, आणि इतके आले की पुढे तिने स्वतःच आपलं नाव स्पर्धेतून काढून घेतलं.

मुलांना दाखवण्यासारखं काही या सोहळ्यात आहे का?

आहे, आणि मोठ्यांनी आधी बघावं असं आहे. 1997 च्या सोहळ्यात फ्रेड रॉजर्स यांना जीवनगौरव मिळाला. हे गृहस्थ 1968 पासून लहान मुलांसाठी एक अगदी शांत कार्यक्रम करायचे, घरात येऊन कोट काढायचा, स्वेटर घालायचं, बूट बदलायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून मुलांशी हळू आवाजात बोलायचं, बाकी काही धांगडधिंगा नाही. पुरस्कार घ्यायला उभे राहिले आणि समोरच्या सगळ्या नटनट्यांना म्हणाले, तुम्हाला इथवर आणणारी जी माणसं आहेत त्यांची दहा सेकंद आठवण काढा, वेळ मी बघतो. आणि खरंच घड्याळाकडे बघत उभे राहिले. आधी लोकांना वाटलं गंमत आहे, हसू ऐकू येतं, मग हळूहळू सगळे गप्प होतात आणि कॅमेरा फिरतो तर एकेकाचे डोळे भरलेले. दहा सेकंद बोलणं बंद ठेवायचं, तेही टीव्हीवर, जिथे सेकंदाला पैसे मोजतात! माझ्या मते या पुरस्काराच्या इतिहासातलं हे सर्वोत्तम भाषण आहे.

'सेसमी स्ट्रीट'ला तर शंभराहून जास्त डेटाइम एमी आहेत, दुसरा कुठलाच कार्यक्रम जवळपासही नाही.

भारतीयांना मिळालाय का? वीर दासला मिळाला तो हाच ना?

नाही, तो इंटरनॅशनल एमी, 2023 चा. 'दिल्ली क्राइम'ला 2020 मध्ये मिळाला तोही तोच. ती तिसरीच अकॅडमी, अमेरिकेबाहेरच्या कार्यक्रमांसाठीची.

हल्ली या सोहळ्याचं फारसं नाव ऐकू येत नाही. संपत चाललंय का सगळं?

उतरती कळा लागली हे खरं. कुठे होतं ते बघा, नोव्हेंबर 1981 मध्ये 'जनरल हॉस्पिटल'मधलं ल्यूक आणि लॉराचं लग्न तीनेक कोटी लोकांनी भरदुपारी बघितलं होतं, एलिझाबेथ टेलर पाहुणी म्हणून आली होती. मग बायका नोकरीला बाहेर पडल्या, केबल आलं, 1995 मध्ये ओ. जे. सिम्प्सन या माजी फुटबॉलपटूवरचा खुनाचा खटला महिनोन् महिने थेट दाखवला गेला आणि मालिका बाजूला सारल्या गेल्या, ती सवय मोडली ती पुरती जुळलीच नाही. 'गायडिंग लाइट' ही 1937 मध्ये रेडिओवर सुरू झालेली मालिका 2009 मध्ये बंद झाली, पाठोपाठ 2010 मध्ये 'ॲज द वर्ल्ड टर्न्स', 2011 मध्ये 'ऑल माय चिल्ड्रन'. सोहळ्याचंही तेच, मोठ्या वाहिन्या मागे हटल्या, 2014 मध्ये फक्त इंटरनेटवर दाखवला, 2016 मध्ये तर टीव्हीवर दाखवलाच नाही. मला याचं फार वाईट वाटलं होतं, कारण ज्यांनी पन्नास वर्षं वाहिन्यांना रोजच्या जाहिराती मिळवून दिल्या त्यांना वर्षातले तीन तास द्यायलाही कुणी तयार नव्हतं. 2020 मध्ये सीबीएसने परत जागा दिली, 2023 मध्ये लेखकांच्या संपामुळे जूनचा सोहळा डिसेंबरवर गेला, म्हणजे धडपड चालूच आहे.

पण संपलं म्हणू नका. 24 फेब्रुवारी 2025 ला सीबीएसवर 'बियॉन्ड द गेट्स' ही नवी रोजची मालिका सुरू झाली, एका श्रीमंत कृष्णवर्णीय कुटुंबाची. मोठ्या वाहिनीवर नवी डेली सोप याआधी आली होती ती 1999 मध्ये! वर सरांनी जो प्रश्न विचारलाय त्याच्याशीही याचा संबंध आहेच. तुमच्यापैकी कुणी ती बघत असेल तर कशी वाटते ते लिहा, पुढच्या अंकात पत्रं छापते.